मुलाचा ताबा आणि न्यायालयाची तारीख

मराठी न्यायालयीन भाषेत ‘ताबा’ हा शब्द मुख्यतः दोन प्रकारच्या प्रकरणांत कानी पडतो. एक शेतजमिनीच्या किंवा घरजागेच्या, आणि दुसरा मुलाच्या. जमिनीचा ताबा कोणाकडे होता, तो केव्हा गेला, बळजबरीने गेला की संमतीने गेला, तो परत मिळावा काय, हे सारे प्रश्न मुलाच्या बाबतीतही जवळजवळ त्याच शब्दांत विचारले जातात. फरक एवढाच की, दावा चालू असताना जमीन वाढत नाही. दहा वर्षांनी निकाल लागला तरी गट क्रमांक तोच राहतो, बांध तोच राहतो. फार तर कडेची बाभूळ कोणी तरी तोडून नेलेली असते. मूल मात्र पहिल्या तारखेस दुधाच्या दातांचे असते आणि शेवटच्या तारखेस त्याला मिसरूड फुटू लागलेले असते. ज्याच्यासाठी अर्ज केला होता ते मूल निकालाच्या दिवशी उरलेलेच नसते. त्याच नावाचे दुसरे कोणी तरी न्यायाधीशांसमोर उभे असते.

प्रस्तुत लेखक वकील नव्हे. त्याचे आयुष्य शाळेत गेले, आणि न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग त्याच्यावर एकदाच आला. एका विद्यार्थ्याच्या ताब्याच्या प्रकरणात शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि प्रवेशअर्ज घेऊन मुख्याध्यापकांनी जातीने हजर राहावे, असे समन्स आले होते. मुलगा त्या वेळी सातवीत होता. कागद चाळताना ध्यानात आले की, मूळ अर्ज झाला तेव्हा तो दुसरीत होता. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मला बरेच प्रश्न विचारले. प्रवेशअर्जावर सही कोणाची? पालकसभेस कोण येत असे? फी कोणी भरली? प्रगतिपुस्तकावरील तिसऱ्या सत्राची सही आणि पहिल्या सत्राची सही एकाच व्यक्तीची आहे काय? मी उत्तरे दिली. मुलगा कसा आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगण्यासारखे पुष्कळ होते. न्यायाधीश कठोर नव्हते, बेपर्वाही नव्हते. त्या दिवशीच्या फलकावर चाळीसहून अधिक प्रकरणे होती आणि त्यांतले आमचे एक होते, इतकेच.

तेव्हापासून या विषयावर जे वाचनात आले त्यावरून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. कायद्याच्या तत्त्वात फारशी खोट काढण्यासारखे नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम इंग्रजी अमदानीतला असला तरी आजही चालू आहे. पालक नेमताना मुलाचे वय, लिंग व धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, त्याचे मुलाशी असलेले नाते यांचा विचार करावा, असे त्याचे सतरावे कलम सांगते; आणि मूल समंजसपणे आपली पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर ती पसंतीही लक्षात घेण्याची मुभा देते. हिंदूंपुरता १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा त्याच्या पुढे गेला. त्याच्या तेराव्या कलमाने मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार ठरविला. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांच्या हातची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच म्हणून ठेवले आहे.

याच १९५६ च्या कायद्याच्या सहाव्या कलमात एक अवघड जागा आहे, ती सांगितली पाहिजे. मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असे ते कलम म्हणते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, अशी पुस्ती त्यास जोडलेली आहे. म्हणजे आईने दूध पाजावे, आजारपणे काढावीत, आणि सहीची वेळ आली की बापाकडे बोट दाखवावे! महाराष्ट्रातील एका जमिनीच्या प्रकरणात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमातून वाट काढली. बाप जिवंत होता, पण वर्षानुवर्षे वेगळा राहत होता आणि मुलीकडे पाहतही नव्हता. अशा स्थितीत आईलाच नैसर्गिक पालक मानावे लागेल, असे न्यायालयाने सांगितले. तीच वाट १९९९ मध्ये गीता हरिहरन या लेखिकेच्या प्रकरणात रुंद झाली. मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने बापाची सही नाही म्हणून परत केला होता. ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या अभावी असा आहे, आणि उदासीनता हाही अभावच होय, असा अर्थ न्यायालयाने लावला. शब्द मात्र कायद्याच्या पुस्तकात अजून तसेच आहेत. शाळेच्या कार्यालयातील कारकुनाला निकालपत्रे वाचायची सवड नसते. तो छापील अर्जावरचे रकाने पाहतो. या दृष्टीने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय मला लहान वाटत नाही.

तत्त्व, तेव्हा, निदान अर्धशतकापूर्वी ठरलेले आहे. अडचण आहे ती तत्त्व अंमलात येईपर्यंत लोटणाऱ्या काळाची. मुलाने कोणाकडे राहावे याचा निर्णय आपल्याकडे पुष्कळदा न्यायाधीश करीत नाहीत, तारखा करतात, असे माझे म्हणणे आहे. आणि ते कसे, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल.

समजा, जिल्ह्याच्या गावी राहणारे एक नोकरदार दाम्पत्य आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. विकोपाला गेलेल्या एका भांडणानंतर पत्नी माहेरी गेली आणि मुलगी सासरी आजीपाशी राहिली. (उलट, पत्नी मुलीला घेऊन गेली असे धरले तरी पुढचा क्रम बदलत नाही.) पत्नी ताब्यासाठी अर्ज करते आणि त्याबरोबरच, निकाल लागेपर्यंत मुलगी आपल्याकडे असावी असा अंतरिम अर्जही देते. समन्स निघते. बेलिफ घर बंद असल्याचा शेरा मारून परत येतो. दुसऱ्यांदा समन्स लागते. प्रतिवादीचे वकील कैफियतीसाठी मुदत मागतात. ती दिली जाते, कारण ती नेहमीच दिली जाते. मग समेटाचा प्रयत्न. तो कायद्यानेच आवश्यक मानला आहे आणि योग्यही आहे. समुपदेशकापुढे चार-पाच बैठका होतात, त्यांतल्या दोनांना एक पक्ष गैरहजर असतो. तोवर उन्हाळ्याची सुट्टी लागते. सुट्टीनंतर न्यायाधीशांची बदली झालेली असते. नव्या न्यायाधीशांना कागद वाचायला अवधी हवा. असे करता करता वर्ष-दीड वर्ष जाते आणि अंतरिम अर्जावर आदेश होतो. तो बहुधा असा असतो: मुलगी सध्या जेथे आहे तेथे रुळली आहे, तिची शाळाही तेथेच सुरू झाली आहे, सबब तूर्त बदल करणे तिच्या हिताचे होणार नाही, आईने पहिल्या व तिसऱ्या शनिवारी तिला भेटावे.

या आदेशात चूक दाखविणे कठीण आहे. ज्या दिवशी तो होतो त्या दिवशी तो बरोबरच असतो. पाच वर्षांच्या मुलीला रुळलेल्या घरातून उपटून काढणे खरोखरच क्रूरपणाचे ठरेल. परंतु साडेतिसऱ्या वर्षी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर निराळे आले असते, आणि कलमातील पाच वर्षांची पुस्ती त्या वेळी आईच्या बाजूने उभी राहिली असती. आता ती पुस्ती मुलीच्या वयाबरोबर गळून पडलेली असते. पुढे मूळ अर्ज साक्षीपुराव्यास येतो तेव्हा मुलगी आठ-नऊ वर्षांची असते आणि अंतरिम आदेशाने जे तात्पुरते ठरविले तेच कायम होते. वर अपील आहेच. शिवाय ताब्याचा कोणताही आदेश कायद्याने अंतिम नसतो. परिस्थिती बदलली की तो फिरवून मागता येतो. मुलाच्या हितासाठी ही सोय असलीच पाहिजे, पण तिच्यामुळे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत रोजनामा मिटत नाही, हेही खरे.

मूल ज्याच्या हाती आहे त्याला तारीख हवी असते, ज्याच्या हाती नाही त्याला निकाल हवा असतो, एवढे समजायला वकिलीची सनद लागत नाही. म्हणूनच घर सोडण्याचा विचार करणाऱ्या बाईला शेजारची अनुभवी बाईसुद्धा सांगते की, रिकाम्या हाताने निघू नकोस, मुलाला बरोबर घे. म्हणूनच शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी रिक्षा उभी राहते आणि दोन मामा किंवा एक काका मुलाला उचलून नेतात. असे प्रसंग शिक्षकांना नवे नाहीत. आपण त्यास अडाणीपणा म्हणतो. वस्तुतः आपल्या न्यायव्यवस्थेची गती ज्यांनी अचूक ओळखली आहे अशा माणसांचे ते शहाणपण असते. खेद याचाच वाटतो.

कायदा करणाऱ्यांना हे दिसले नव्हते असे नाही. हिंदू विवाह अधिनियमात १९७६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट, परस्परसंमतीने घटस्फोट, ही दारे त्या वेळी उघडली, आणि वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती त्यांचीच. त्याच दुरुस्तीने ‘२१ ख’ हे एक लहानसे कलम कायद्यात आले, त्याची चर्चा झाली नाही. या कायद्याखालील अर्जाची सुनावणी शक्य तोवर दररोज चालावी, आणि प्रतिपक्षास नोटीस पोहोचल्यापासून सहा महिन्यांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. अपील असेल तर ते तीन महिन्यांत, असे हे कलम सांगते. ‘शक्य तोवर’ आणि ‘प्रयत्न’ हे दोन शब्द त्यात नसते तर आजच्या लेखाचे कारणच उरले नसते.

पुढे २००१ मध्ये सव्विसाव्या कलमास एक परंतुक जोडण्यात आले. सव्विसावे कलम मुलांचे: त्यांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण या तिन्हींविषयी आदेश देण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला आहे. परंतुक म्हणते, दावा चालू असताना मुलांचे पालनपोषण व शिक्षण यांविषयी केलेला अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. वाचकांनी हे पुन्हा एकदा वाचावे. तिन्हींपैकी दोहोंना साठ दिवसांची मर्यादा घातली आणि ताबा तेवढा वगळला. मुलाच्या फीचा प्रश्न दोन महिन्यांत सुटावा, मूल कोणाच्या घरी झोपते हा प्रश्न मात्र थांबू शकतो! हे बुद्धिपुरस्सर झाले असेल असे वाटत नाही. पैशाचा प्रश्न निकडीचा असतो ही गोष्ट आपल्या मनात इतकी ठसलेली आहे की, दुसराही काही प्रश्न निकडीचा असू शकेल हे लिहिणाऱ्याच्या लेखणीत आले नसावे.

काळाचा हिशेब किती लांबतो याचे एक उदाहरण पुण्याचेच आहे, आणि ते देशातील प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकविले जाते. १९५६ मध्ये विवाह झालेले एक सुविद्य दाम्पत्य १९६१ मध्ये वेगळे झाले. पतीने १९६२ मध्ये पुण्याच्या न्यायालयात अर्ज केला. खालचे न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि मार्च १९७५ मध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकालपत्र लिहिले. वैवाहिक दाव्यातील क्रूरता फौजदारी गुन्ह्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावी लागत नाही, शक्याशक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले तरी पुरे, हा नियम त्यातून मिळाला. पत्नीचे वर्तन क्रूरतेचे होते, परंतु पतीने ते क्षमापित केले होते, म्हणून त्याची मागणी फेटाळली गेली. तेरा वर्षांनंतर दोघे जेथून निघाले तेथेच कायद्याने परत आले. नावे निकालपत्रात आहेत, ती येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्यांना तीन मुली होत्या. धाकटीचा जन्म आईबाप वेगळे झाल्यानंतरचा. त्या खटल्यात मुद्दा मुलींचा नव्हता, त्यामुळे त्यांचा उल्लेख ओघात येतो आणि जातो. धाकटी त्या वेळी चौदाव्या वर्षात असली पाहिजे.

याच्या शेजारी एक जुनी गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे. अ‍ॅनी बेझंट हे नाव आपल्याला होमरूल चळवळीमुळे परिचित आहे. ताब्याच्या कायद्याच्या इतिहासात त्या दोनदा येतात, आणि दोन्ही बाजूंनी येतात. धर्मोपदेशक पतीपासून १८७३ मध्ये त्या विभक्त झाल्या तेव्हा मुलगा बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे अशी वाटणी झाली होती. पुढे संततिनियमनावरील एक पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल बाईंवर खटला झाला. त्याचा आधार घेऊन नवऱ्याने मुलगी मागितली आणि १८७८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ती त्याला दिली. आई मुलीची आबाळ करीत होती असे नव्हे. आईची मते वाईट ठरली. दोन्ही मुले जाणती झाल्यावर आपण होऊन आईकडे आली, तो भाग न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा.

दुसऱ्यांदा त्या आल्या त्या मद्रासेत, परक्याच्या मुलांच्या पालक म्हणून. नारायणय्या या थिऑसॉफिस्ट गृहस्थांनी १९१० मध्ये आपले दोन मुलगे त्यांच्या हवाली केले होते. त्यांतला थोरला म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले जे. कृष्णमूर्ती. मुले इंग्लंडात शिकायला गेली, बापाचे मन फिरले आणि १९१२ मध्ये त्याने मुले परत मागणारा दावा केला. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बापाच्या बाजूने निकाल दिला. मे १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. मुले इंग्लंडात आहेत, त्यांची बाजू कोणी मांडलीच नाही, त्यांची इच्छा काय हे कोणी पाहिले नाही, असे कारणांपैकी एक होते. एव्हाना कृष्णमूर्तींना एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती. एकोणीस वर्षांच्या तरुणाला जहाजावर घालून बापाकडे धाडायचे तरी कसे? तेथेही तारखेनेच बाजी मारली म्हणा. परंतु हिशेब करून पाहावा. आगबोटीने टपाल जाण्याच्या काळात, मद्रास आणि लंडन अशा दोन पायऱ्यांवर, हा दावा दोन वर्षांच्या आत संपला होता. आज जिल्ह्याच्या गावी एका पायरीवर तेवढ्यात अंतरिम अर्जही निघेल अशी हमी कोणी देणार नाही.

मुलाची इच्छा विचारावी, हे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले आणि ते रास्तच आहे. आपले न्यायाधीशही मुलाला आपल्या दालनात एकटे बोलावून बोलतात. काही जण अत्यंत कोमलपणे बोलतात, असे ऐकिवात आहे. पण या पसंतीचे मोल काळ कसे घटवितो, हे शिक्षकाला अधिक कळते. सहा महिने आजीच्या तोंडून आईची निंदा ऐकलेले मूल गोंधळलेले असते. सहा वर्षे ती ऐकलेल्या मुलाचे ते स्वतःचे मत झालेले असते, आणि ते पढविलेले आहे की उमजलेले आहे हे अर्ध्या तासाच्या गप्पांतून कोणालाही ओळखता येणार नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने एकदा निबंधात लिहिले होते की, त्याला शनिवार आवडत नाही. विषय होता ‘माझा आवडता वार’. शनिवार हा भेटीचा वार असे.

भेटीच्या प्रश्नावर दोन तट पडले आहेत आणि दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. ताबा बहुधा आईकडे जातो आणि बाप महिन्यातून चार तासांचा पाहुणा होतो, त्यातही ऐन वेळी मुलाला ताप आल्याचे कळविले जाते, अशी बापांची तक्रार असते. ती खोटी नाही. आदेश मोडला म्हणून पुन्हा अर्ज करावा, तर पुन्हा तारीख. बायांचे म्हणणे असे की, पोटगी देण्याची वेळ आली की हीच माणसे मुलाच्या प्रेमाने कासावीस होऊन ताबा मागू लागतात, म्हणजे मागणी सोडण्याच्या बदल्यात रक्कम कमी करून घेता येते. हेही खोटे नाही. पोटगी आणि भेट यांची अशी सांगड घालून तडजोडी होतात, त्यांवर सह्या होतात, आणि मूल त्या करारातील एक कलम होऊन बसते. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पोटगी बंद, असा हा रहाट फिरत राहतो. दोन्ही गोष्टी मुलाच्या हक्काच्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, हे पहिल्याच आदेशात लिहून टाकण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आई आणि बाप दोघांच्या सहवासाचा हक्क मुलाचा आहे, आणि दूर राहणाऱ्याला निदान व्हिडिओ कॉलवर तरी त्याच्याशी बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्टच केले आहे.

मे २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. मूल काही काळ एकाकडे, काही काळ दुसऱ्याकडे, आणि महत्त्वाचे निर्णय दोघांच्या विचाराने, अशी ती कल्पना. एकाच गावात राहणाऱ्या आणि एकमेकांशी सरळ बोलू शकणाऱ्या माणसांना ती मानवेल. पण सोमवारी सांगलीत आणि गुरुवारी ठाण्यात शाळा कशी करायची? आणि जेथे मारहाण झाली आहे तेथे दर आठवड्याला उंबरठ्यावर भेट घडवून आणणे म्हणजे मारहाणीला हजेरीपट देण्यासारखे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने पीडित स्त्रीला मुलाचा तात्पुरता ताबा देण्याची सोय केली ती याच भीतीमुळे. संयुक्त ताबा ही उत्तम गोष्ट आहे, सरसकट लावण्याची नव्हे, असे माझे मत आहे. आयोगाने १९५६ च्या कायद्यातील ‘त्याच्यानंतर’ हे शब्दही काढून आईबापांना समान स्थान द्यावे असे सुचविले होते. १९८९ च्या अहवालातही आयोगाचा कल तोच होता. ते शब्द अद्याप निघालेले नाहीत.

घटस्फोटाच्या बाजूला मात्र हालचाल बरीच झाली आहे. परस्परसंमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रकरणी माफ करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. विवाह सावरण्यापलीकडे मोडला असेल तर आपल्या विशेष अधिकारात थेट घटस्फोट देता येईल, असे घटनापीठाने १ मे २०२३ रोजी सांगितले. मोठ्या माणसांची सुटका लवकर व्हावी, ही भावना योग्यच आहे. आपल्याकडे अनेक समाजांत काडीमोड आणि फारकत पूर्वापार होती; १९५५ च्या कायद्यानेही त्या रूढींना धक्का लावला नाही. घटस्फोट म्हणजे आभाळ कोसळणे असे मानणारा वर्ग मर्यादितच होता, आणि आता त्याचीही भीड चेपली आहे. पण सुटका झालेली दोन माणसे आपापल्या वाटेने गेल्यावर मुलाचे प्रकरण स्वतंत्र क्रमांकाने मागे चालू राहते, त्याची घाई कोणालाच नसते.

न्यायालयाने मनावर घेतले तर काय होते, याचाही दाखला पुण्याशीच जोडलेला आहे. जानेवारी १९८६ मध्ये एका पित्याने अमेरिकेतील न्यायालयाचा आदेश डावलून आपल्या लहान मुलास तेथून उचलले आणि थेट पुण्यास आणले. अमेरिकन आई सर्वोच्च न्यायालयात आली आणि त्याच वर्षी न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. सारे वर्षाच्या आत. पळवून आणणाऱ्याला विलंबाचा लाभ मिळता कामा नये, ही जाणीव त्या निकालामागे होती. मूल सातासमुद्रापलीकडून आणले तर ही जाणीव होते, सोलापूरहून लातूरला नेले तर ती तितकी तीव्र का असू नये?

१९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा आला तो वास्तविक याच कामासाठी. पुराव्याच्या कायद्याचे काच सैल केले, वकील हक्क म्हणून उभा राहू शकणार नाही असे म्हटले, समुपदेशक दिले, न्यायाधीशाला आपली कार्यपद्धती स्वतः आखण्याची मोकळीक दिली. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. वकील परवानगीने उभे राहू लागले आणि परवानगी मागण्याचा एक अर्ज तेवढा वाढला, हे सोडून दिले तरी, जेथे अशी न्यायालये आहेत तेथील परिस्थिती तुलनेने बरी आहे. जेथे नाहीत तेथे ताब्याचा अर्ज जमिनीच्या, भाड्याच्या आणि अपघात-भरपाईच्या प्रकरणांबरोबर एकाच फलकावर लागतो.

तेथे निदान दोन गोष्टी करण्यास हरकत नसावी. सव्विसाव्या कलमातील साठ दिवसांच्या परंतुकात ‘ताबा’ हा एक शब्द घालावा. आणि ज्या न्यायाधीशांनी मुलाशी एकदा बोलणे केले आहे त्यांनीच, बदली झाली तरी, तो अंतरिम अर्ज संपवूनच जावे. बदलीच्या आदेशाने अर्धवट ऐकलेले मूल पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून बोलते करणे, हे सध्या सर्रास चालते. ‘२१ ख’ मधील सहा महिने खरोखर पाळले गेले, तर दुसरीत असताना अर्ज झालेल्या मुलाचा निकाल तिसरीची पुस्तके मिळण्याच्या सुमारास लागेल. माझ्या त्या विद्यार्थ्याचा लागला तेव्हा तो नववीत होता. आदेशाची प्रत शाळेच्या कार्यालयात आली, कारकुनाने जनरल रजिस्टरमध्ये पालकाच्या रकान्यात लाल शाईने दुरुस्ती केली, आणि मी तिच्याखाली सही केली.